दिवाणी की फौजदारी? दोन्हीकडे खटले चालवणाऱ्यांना विचारायचं आहे

नवी_सनद:
वकिलीची सनद मिळून वर्ष होत आलं. सिनियरांकडे दिवाणी आणि फौजदारी, दोन्ही कामं आहेत. बरोबरीचे म्हणतात, आत्ताच एक बाजू धर, नाहीतर कशातच हात बसणार नाही. मला साक्षीपुरावे चालवायचे आहेत, नुसत्या तारखा घ्यायच्या नाहीत. दोन्हीकडे नाव कमावलेल्यांनी सुरुवात कशी केली?

निशाणी_एक:
मी आजही दोन्ही कोर्टांत उभी राहते, म्हणून लिहिते. पहिली काही वर्षं बाजू निवडू नका.

दिवाणीनं मला कागद वाचायला शिकवलं. पक्षकार सातबारा पुढे करतो आणि मालकी शाबीत झाली असं धरून चालतो. सातबाऱ्यावरचा फेरफार महसुलासाठी असतो. मालकी खरेदीखतात, वाटणीपत्रात शोधावी लागते. आणि दाव्यात जे मांडलंच नाही, त्यावरचा पुरावा कितीही भक्कम असला तरी वाया जातो. सुनावणी सुरू झाल्यावर दावा दुरुस्त करायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश ६ नियम १७ चं परंतुक (हे आधीच का मांडता आलं नाही, असं विचारणारी अट) आडवं येतं.

फौजदारीनं साक्षीदार ऐकायला शिकवलं. पोलिसांपुढच्या जबाबात नसलेली महत्त्वाची गोष्ट तो पिंजऱ्यात पहिल्यांदाच सांगतो. तिथे आवाज चढवायचा नाही. हे पोलिसांना सांगितलं होतं का, एवढंच विचारायचं. हो म्हणाला तर जबाबात ते का नाही, हे विचारून उत्तर नोंदवून घ्यायचं. पुढे तपासी अंमलदार साक्षीला आला की त्याच्याकडून ती ओमिशन, म्हणजे ती गोष्ट जबाबात नव्हती हे, शाबीत करायची. हा दुसरा टप्पा राहिला तर अंतिम युक्तिवादात हातात काही उरत नाही. तहसीलदार सिंग खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा १९५९ चा निकाल मुळातून वाचा. प्रत्येक ओमिशन विसंगती ठरत नाही, हे तिथे कळतं.

हाच कान दिवाणीत कामी येतो. तिथे सरतपास (आपल्याच साक्षीदाराची पहिली साक्ष) आता प्रतिज्ञापत्रावर होतो, म्हणजे शब्द बहुतेक वकिलाचे असतात. त्यातलं साक्षीदाराला स्वतःला काय माहीत आहे, हे उलटतपासात वेगळं काढणं हे माझं सगळ्यात आवडतं काम आहे.

बोर्डावर_पाचवा:
मॅडमचं पटतं, पण एक अडचण. आरोपी कोठडीत असेल तर त्याचं काम थांबवता येत नाही आणि त्याच दिवशी दिवाणी युक्तिवादही लागलेला असतो. चांगला सहकारी नसेल तर दोन्ही पक्षकारांवर अन्याय होतो. दुसरं, पुराव्याच्या मापाचा गोंधळ. फौजदारीत बचावाला वाजवी शंका पुरते. दिवाणीत नुसती शंका उभी करून भागत नाही, कारण तिथे कोणाची बाजू अधिक संभवनीय आहे हे तोललं जातं. फौजदारीत मुरलेले कित्येक जण इथेच दावा घालवतात.

नवी_सनद:
दोघांचेही आभार. नवे कायदे आलेत, मग जुने वाचायचे का?

निशाणी_एक:
वाचायचेच. १ जुलै २०२४ आधीच्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागते आणि त्या दिवशी चालू असलेल्या खटल्यांना जुना पुरावा कायदा. लेखी जबाबावरून साक्षीदाराला अडवायचं जुन्या पुरावा कायद्याचं कलम १४५ आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात १४८ झालंय. टिपणात दोन्ही आकडे लिहा. आणि सिनियरांना विचारून एक सत्र खटला दोषारोपापासून निकालापर्यंत बसून बघा, मधली एकही साक्ष न चुकवता.