रुग्णालयावरच्या मालिका: काय खटकतं, काय पटतं?

जाणकारांनी लिहावं, पण नेमकं आणि कारणासकट.

भूलतज्ज्ञ: सपाट रेषा! मॉनिटरवर रेषा आडवी झाली की लगेच शॉक. शॉक चालतो तो हृदय नुसतं थरथरत असताना. ती बेताल थरथर एकदम थांबते आणि हृदयाला पुन्हा ठेका धरता येतो. रेषाच सपाट असेल तर थांबवणार काय? आधी छातीला चिकटवलेला, मॉनिटरला जोडलेला इलेक्ट्रोड सुटलाय का ते पाहायचं. नसेल तर छाती दाबत राहायचं आणि शिरेतून अ‍ॅड्रेनालिन १ मिलिग्रॅम, दर ३ ते ५ मिनिटांनी. शॉक दिल्यावरही मॉनिटरकडे बघत थांबायचं नसतं, लगेच पुन्हा दाबायला लागायचं.

सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करायचा उपचार) प्रशिक्षक: वरच्यात भर. पडद्यावर कोपरं वाकलेली दिसतात, कारण समोरचा नट धडधाकट असतो. खरं दाबलं तर त्याची बरगडी मोडेल. प्रौढाची छाती ५ ते ६ सेंमी खाली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. कोपरं ताठ, खांदे तळव्यांच्या बरोबर वर. दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा. हात दमले की दाब उथळ होतो आणि दाबणाऱ्याला ते कळत नाही. पुतळा वापरून कॅमेरा खांद्यामागे लावला तर हे सगळं बरोबर दाखवता येतं. दाखवायलाच हवं, कारण अनेकांनी सीपीआर फक्त टीव्हीवर पाहिलेला असतो. १९९६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकी कार्यक्रमांवरचा अभ्यास आला होता: पडद्यावर ७५ टक्के रुग्ण सीपीआरने त्या वेळी वाचत होते. प्रत्यक्षात प्रमाण फार कमी आहे, आणि नातेवाईक पडद्यावरचीच आशा धरून बसतात.

आयसीयू परिचारिका: स्टेथोस्कोपची कानातली टोकं नाकाच्या दिशेने हवीत, उलटी घातली की आवाज दबतो. श्वासनलिकेत नळी असलेला रुग्ण कुजबुजूही शकत नाही. नळी स्वरयंत्रातूनच जाते. 'स्क्रब्ज' या अमेरिकी मालिकेच्या शीर्षकदृश्यातला छातीचा एक्स-रे उलटा लावलाय.

सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळा: रक्ताच्या कल्चरचा (रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा) अहवाल पुढच्याच दृश्यात हातात! जंतू वाढायला बहुधा एक-दोन दिवस तरी लागतात.

एक प्रेक्षक: विनोदी मालिकांपैकी 'मॅश' या युद्धातल्या लष्करी रुग्णालयावरच्या अमेरिकी मालिकेचा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. मालिकेला ध्वनिमुद्रित हशा होता, पण शस्त्रक्रियेच्या दृश्यांत तो ठेवला नाही. तिथले विनोद थकलेल्या माणसांचे वाटतात. 'द पिट' या मालिकेत एक भाग म्हणजे ड्युटीचा एक तास, म्हणून रुग्णांचं ताटकळणंही दिसतं.