मदत हवी आहे: ग्रुप राईडमध्ये मागे तुटलं की थांबायचं की पुढे जायचं?

ऐरोलीची स्कूटरवाली

नमस्कार मंडळी, धागा कुठल्या विभागात टाकायचा कळलं नाही म्हणून इथेच टाकतेय, चुकलं असेल तर संपादकांनी हलवावा.

मी १२५ सीसी स्कूटर चालवते. ठाण्याचा एक ग्रुप आहे, नाव सांगत नाही कारण माणसं चांगली आहेत आणि मला पुढेही त्यांच्याबरोबरच फिरायचंय. बहुतेकांकडे साडेतीनशे सीसीच्या गाड्या, एकदोन रॉयल एनफिल्डच्या हिमालयन, आणि शेपटाला आम्ही स्कूटर आणि होंडा शाईनवाले. मागच्या रविवारी ताम्हिणीचा प्लॅन होता, माणगाववरून. तीन हात नाक्यावरून सगळे कळवा-विटावा करत आले, मी ऐरोलीला जॉइन झाले, ठाणे-बेलापूर रोडने तुर्भे आणि मग सायन-पनवेल हायवे. कामोठ्यापर्यंत एकदम झकास चाललं होतं. कळंबोलीला लोखंड बाजाराचे ट्रेलर आडवे, त्यात सिग्नल पडला, अर्धे गेले अर्धे राहिले, मग राहिलेले पण आपापसात तुटले आणि मी पळस्पे फाट्याला पोचले तेव्हा पुढे कोणी नाही आणि आरशातही कोणी नाही.

तिथे रस्ता फुटतो, एक खोपोलीवरून पुण्याला आणि दुसरा पेण-वडखळवरून गोव्याकडे. मला गोवा हायवे माहीत होता, तो धरला आणि थोडं पुढे एका पेट्रोल पंपावर गाडी लावून फोन काढला. ग्रुपवर काय चाललं होतं ते जसंच्या तसं देते. "कुठे आहात?" "पुढे." "पुढे म्हणजे कुठे?" "हायवेलाच, चहाच्या टपरीवर." "कुठली टपरी?" "निळी ताडपत्री आहे बघ." आता पनवेल ते पेण निळी ताडपत्री नसलेली टपरी कोणी दाखवलीत तर चहा माझ्याकडून. एकाने लाइव्ह लोकेशन टाकलेलं पण १५ मिनिटांचं, ते कधीच संपलेलं, ठिपका कळंबोलीतच अडकलेला. आमचा शाईनवाला मुलगा पळस्प्याला सरळ पुण्याकडे गेला आणि शेडुंगच्या पुढून फोन करतोय की इथे तर कोणीच दिसत नाही. आणि ज्याला शेवटी राहायचं काम दिलेलं तो स्वीप, त्याला वाटलं मी पुढच्यांबरोबर निघून गेले, सगळ्यात पुढे चालणाऱ्या लीडला वाटलं मी स्वीपबरोबर आहे, त्यामुळे दोघंही निवांत चहा पितायत. दोघंही एकाच टपरीवर!!

शेवटी सगळे भेटलो, ताम्हिणी पण झाली, पण खूप उशिरा. आणि वर ऐकायला काय मिळालं तर "अगं थोडी फास्ट चालवायची ना". मी काही बोलले नाही तेव्हा, पण डोक्यात बसलंय. घरी सासूबाई नेहमी म्हणतात की ग्रुप आहे ना सोबत, मग काळजी नाही. त्यांना अजून हे काही सांगितलेलं नाही.

तर विचारायचंय हे की असं तुटल्यावर जिथे आहोत तिथे थांबायचं की आपल्या स्पीडने पुढे जात राहायचं? आणि मागच्याची जबाबदारी नक्की कोणाची असते, मागच्याचीच का? पुढची राईड माळशेज ठरतेय, ऐन पावसात, तिकडे म्हणे रेंज पण जाते. अ‍ॅडमिन म्हणाला तुम्हीच सुचवा काहीतरी, मी ग्रुपवर टाकतो. चालवताना एकमेकांशी बोलायला हेल्मेटला लावतात तो इंटरकॉम घ्यावा का? माझं बजेट फार नाहीये.

कट्ट्यावरचा

स्कूटर घेऊन साडेतीनशेवाल्यांच्यात जायचंच कशाला पण? प्रत्येक गाडीचा एक स्पीड असतो. स्कूटरवाल्यांनी वेगळा ग्रुप काढावा, सगळे सुखी. स्पष्ट बोलतो, राग नसावा.

शेपूटराव

कट्ट्यावरचे साहेब, सिग्नल पडला की हायाबुसासारखी सुपरबाईक पण तुटते, त्याचा सीसीशी काही संबंध नाही.

ताई, मी बरीच वर्षं स्वीप करतोय म्हणून जरा लांबड लावतो. आधी एक हिशोब करा. ताशी ६० ने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. दोन गाड्यांत २ सेकंदाचं अंतर ठेवलं तर झाले ३३ मीटर, आणि १५ गाड्या एकामागे एक असतील तर पहिली ते शेवटची साधारण ४७० मीटर. म्हणजे अर्धा किलोमीटर लांब शेपूट. झिगझॅग चाललात, एक डावीकडे एक उजवीकडे, तर ते निम्म्यावर येतं पण तरी पाव किलोमीटर झालंच. एवढी लांब रांग कळंबोलीच्या सिग्नलमधून अख्खी जाणार नाहीच, कोणीही कितीही फास्ट चालवा. म्हणून तुटायचंच आहे हे धरून प्लॅन करायचा असतो.

दुसरं म्हणजे रबर बँड. पुढचा ६० वरून ७० ला गेला की त्याच्या मागचा जरा उशिरा जातो, त्याच्या मागचा अजून उशिरा, असं करत शेवटच्याला गॅप भरायला ९० मारावे लागतात. तुमची स्कूटर शेपटाला ठेवलेली, म्हणजे सगळ्यात कमी ताकदीच्या गाडीला सगळ्यात जास्त पळवायचं. उलटं पाहिजे. लहान गाड्या लीडच्या लगेच मागे, लीडने आरशात त्यांच्याकडे बघून स्पीड ठरवायचा, मोठ्या गाड्या मागे, त्यांना गॅप भरायला काही कष्ट नाहीत.

आता जबाबदारी. आमच्याकडे नियम असा की प्रत्येकजण आपल्या मागच्याला सांभाळतो, पुढच्याला नाही. आरशात मागचा दिसेनासा झाला की तू स्लो हो, तरी नाही आला तर सेफ जागा बघून साइडला थांब. तू थांबलास की तुझ्या पुढच्याला आरशात तू दिसणार नाहीस, मग तो थांबणार, असं करत ते लीडपर्यंत आपोआप पोचतं, फोन लागत नाही, रेंज लागत नाही. मागच्याने पळत सुटायचं काही कारणच उरत नाही. तुम्हाला "फास्ट चालवायची ना" म्हणणाऱ्याला विचारा, तुझ्या आरशात कोण होतं?

आणि फाट्यांसाठी माणूस लावायची पद्धत. वळण किंवा फाटा आला की लीड हाताने जागा दाखवतो, त्याच्या लगेच मागचा राईडर तिथे दिसेल असा उभा राहतो, इंडिकेटर चालू, आणि येणाऱ्या प्रत्येकाला हाताने रस्ता दाखवतो. स्वीप दिसेपर्यंत हलायचं नाही. स्वीप आला की त्याच्या पुढे रांगेत घुसायचं. पुढच्या फाट्याला तेव्हा जो दोन नंबरला असेल तो उतरतो. रांग आपोआप फिरत राहते आणि पहिल्या-शेवटच्यात १० किलोमीटर पडले तरी कोणी चुकत नाही. अट एकच, स्वीपने कोणालाही ओव्हरटेक करायचं नाही, कोणी पंपावर वळला तरी स्वीप पण पंपावर. त्याच्या अंगात भडक जॅकेट पाहिजे म्हणजे लांबून ओळखू येतो. आमचा एक बहाद्दर फाट्यावर लावला तर समोर वडापाव दिसला म्हणून हलला, मागचे चौघे भलतीकडे. तेव्हापासून त्याला आम्ही फाट्यावर लावत नाही, लीड त्याला मुद्दाम लांब ठेवतो.

म्हणून थांबायचं की जायचं याचं माझं उत्तर असं, रस्ता सरळ आहे तोवर आपल्या स्पीडने जात राहा, फाटा आला आणि आपला माणूस नाही तर तिथेच थांबा, स्वतः रस्ता निवडायचा नाही. तुम्हाला गोवा हायवे माहीत होता म्हणून तुमचं जमलं, शाईनवाल्याला नव्हता. लीडने पळस्प्याला माणूस लावला असता तर हा धागाच निघाला नसता.

खारघरकर काका

शेपूटरावांना अनुमोदन, फक्त एक भर. कळंबोली सर्कलला माणूस उभा करू नका हो. तिथे ट्रेलरवाल्याला स्वतःचं मागचं चाक दिसत नाही, तुमचा दोन नंबरचा राईडर कुठे दिसणार. मी रोज तिथून जातो. माझं मत विचाराल तर शहरातून ग्रुपने चालवूच नये. तुर्भे, खारघर, कळंबोली हे सगळं ज्याने त्याने आपापलं पार करावं आणि पळस्प्याच्या पुढे एका ठरलेल्या पंपावर जमावं, हजेरी घ्यावी, टाक्या फुल कराव्यात, राईड तिथून सुरू. वडखळला मात्र माणूस लावा, अलिबागचा फाटा तिथे आहे.

आणि नवीन पोरांना सांगा मॅप कार मोडवर ठेवू नका, टू-व्हीलर मोड वेगळा असतो. कार मोड कळंबोलीला सरळ एक्सप्रेसवेवर चढवतो, तिथे आपल्याला बंदी. मागचा राईडर तुटला की तो मॅप बघतो आणि नेमका तिथे फसतो, असे गोंधळलेले रोज एकदोन दिसतात. अटल सेतूवर पण बाईक चालत नाही, तेही डोक्यात असू द्या.

ऐरोलीची स्कूटरवाली

बापरे, एवढं सविस्तर! खूप खूप धन्यवाद. शेपूटराव, तो ४७० मीटरवाला हिशोब मी ग्रुपवर कॉपी केला, पाच मिनिटं कोणीच काही बोललं नाही, मग अ‍ॅडमिनने अंगठा टाकला. (ताई नको पण, नुसतं स्कूटरवाली चालेल.)

कट्ट्यावरचे, राग नाही, पण घाटात तुमच्याच साडेतीनशेवाल्यांच्या मागे मी दुसऱ्या गिअरचा धूर खात होते.

शंका अशी की आमच्यात दोन नंबरला थांबायला कोण तयार होणार? सगळ्यांना लीडला चिकटायचं असतं. आणि माळशेजबद्दल कोणी सांगा ना.

शेपूटराव

तेच तर, लीडला चिकटला की फाट्यावर तोच उतरणार, आपोआप मागे जाणार. चिकटणाऱ्यांवर याच्याइतकं चांगलं औषध नाही.

मुरबाडकडचा

माळशेज माझ्या घरावरून जातो म्हणून सांगतो. ठाणेवाले रांजनोली-दुर्गाडीवरून येतील, तुम्ही शिळफाटा-पत्रीपुलावरून, त्यामुळे कल्याणात एकमेकांना शोधत बसू नका, शहाड सोडून मुरबाडलाच भेटा. मुरबाडला पेट्रोल भरा, स्कूटरची टाकी ५ लिटरच्या आसपास, साडेतीनशेची १३, म्हणजे पेट्रोलचा स्टॉप तुमच्या टाकीवर ठरला पाहिजे, त्यांच्या नाही. मुरबाडला म्हशाकडे फाटा जातो आणि सरळगावला शहापूरकडे, दोन्हीकडे माणूस लागेल.

टोकावड्याला सगळ्यांनी थांबायचं, डोकी मोजायची. तिथून पुढे रेंजचा भरवसा नाही, त्यामुळे घरी जो फोन करायचा तो तिथूनच. लाइव्ह लोकेशन ८ तासांचं टाकलं तरी रेंज गेली की ठिपका शेवटच्या जागी गोठतो आणि बघणाऱ्याला वाटतं माणूस तिथेच उभा आहे, काहीतरी झालं. त्यामुळे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. घाटात धुकं आलं की दहा फुटांवरचं दिसत नाही, तेव्हा आरशात मागचा दिसत नाही म्हणून वळणावर थांबायचा प्रकार अजिबात नको, मागून एसटी येते. घाटात प्रत्येकाने आपापलं चढायचं, बोगदा ओलांडून वर एमटीडीसी रिसॉर्टच्या फाट्याला पुन्हा डोकी मोजायची. ठरलेल्या वेळात एखादा आला नाही तर स्वीप आणि अजून एक असे दोघेच मागे जाणार, बाकी कोणी हलायचं नाही, नाहीतर शोधणारेच हरवतात. काही झालंच तर ११२, अ‍ॅम्ब्युलन्सला १०८, आणि राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन १०३३ आहे. निघायच्या आदल्या दिवशी धबधब्यांवर बंदीचा आदेश आहे का ते बघा, पावसाळ्यात निघतो, मग पोलीस परत पाठवतात.

टॉर्क

इंटरकॉमचं कोणी बोललं नाही. तुम्ही घेऊ नका. बॉक्सवर लिहिलेली रेंज सरळ मोकळ्या रस्त्याची असते, घाटात डोंगर आडवा आला की खरखर. पैसे घालायचेच तर ग्रुपने मिळून लीड आणि स्वीपला एक जोडी घ्यावी. तेवढ्याच पैशात तुम्ही चांगले रेन ग्लोव्हज आणि हेल्मेटला अँटीफॉग व्हायझर घ्या.

ऐरोलीची स्कूटरवाली

ठरलं बहुतेक. मुरबाडला भेट, टोकावडे आणि एमटीडीसीला हजेरी, शाईनवाला आणि मी लीडच्या मागे. स्वीप बदललाय, जुन्याने स्वतःच नको म्हटलं. नवीनला भडक जॅकेट कुठे मिळेल ठाण्यात, जास्त महाग नको?

खारघरकर काका

जॅकेट कशाला, हार्डवेअरच्या दुकानात साइटवर घालतात ते हिरवं-पिवळं रिफ्लेक्टर बनियन मिळतं, स्वस्त असतं. रेनकोटच्या वरून घालायला सांगा, आतून नाही. एक्स्ट्रा मोठं घ्या.