फादर दिब्रिटो : तुमच्या घरात काय उरलंय?

२५ जुलै २०२४ च्या पहाटे वसईचे कॅथलिक धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. पुढे आठवडाभर श्रद्धांजल्या वाचल्या. ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, १९८३ ते २००७ 'सुवार्ता' या ख्रिस्ती मासिकाचे संपादक, 'सुबोध बायबल' हे मराठी भाषांतर, हरित वसईची पर्यावरण चळवळ. सगळं खरं, पण सगळीकडे तेवढंच. म्हणून हा धागा. विशेषणं नकोत. त्यांचं लिहिलेलं-बोललेलं तुमच्या घरात कुठे, कशाला चिकटून राहिलंय ते सांगा. ओळख असलीच पाहिजे असं नाही. वाद असेल तर तोही लिहा.

मीच सुरुवात करते. आमच्याकडे 'सुवार्ता'चे अंक पलंगाखाली पत्र्याच्या ट्रंकेत असायचे. आई चौथी शिकलेली. दुपारी वाडीतली भाजी काढून, दादरला न्यायच्या टोपल्या भरून झाल्या की ती ओट्यावर बसायची आणि ओळीखाली बोट धरून संपादकीय मोठ्यानं वाचायची. घरात आमची बोली सामवेदी, शाळेत पुस्तकी मराठी आणि देवळात, म्हणजे चर्चमध्ये, तिसरीच कसली तरी. अडलेला शब्द आई खडूनं दारामागे लिहायची आणि मी शाळेतून आले की अर्थ विचारायची. 'अंतर्मुख' हा शब्द तिथे कितीतरी दिवस होता, कारण माझं उत्तर तिला पटलं नव्हतं. 'आत तोंड करून काय दिसणार, पोट?' नंतर ताईच्या लग्नाआधी दार रंगवलं. मी रंगाऱ्याशी भांडले होते.

निर्मळ, निवृत्त शिक्षिका

आम्ही हिंदू. निर्मळच्या यात्रेत सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घ्यायची तर ख्रिस्ती बायकांकडूनच, एवढा आमचा शेजार. तरी त्यांच्या धर्मग्रंथात काय आहे हे मला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हतं. एकदा जुन्या भाषांतरातलं बायबल उघडून दहा पानांत मिटलं होतं. 'सुबोध बायबल' मात्र पुरं वाचलं, प्रस्तावना आणि टिपांसकट. खरं तर टिपांमुळेच.

योहानाच्या शुभवर्तमानात विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट आहे. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि तीच चकित होते, की तुम्ही यहुदी, माझ्याकडे पाणी कसं मागता? यहुदी आणि शोमरोनी यांचं वैर कळलं आणि मी पुस्तक मांडीवर ठेवून बसून राहिले. माझ्या माहेरच्या विहिरीवर एक वेगळा रहाट होता. तो कुणासाठी होता हे आमच्या घरात कुणी मोठ्यानं सांगत नसे. दोन हजार वर्षांपूर्वीची परदेशातली गोष्ट थेट त्या रहाटापाशी येऊन थांबली. दुसऱ्या दिवशी वर्गात नेमून दिलेला धडा ठेवून मी ही गोष्ट सांगितली. एका पालकांची तक्रार आली, ती ऐकून घेतली.

वेंगुर्ले

मियां फादरांका कधी बघूक नाय. वाचनालयात तेंचा पुस्तक गावला, पाद्र्याचा म्हणान आदी घेवकच नाय. मगे पावसात एक दिस काय वाचूक नव्हता म्हणान घेतलंय. तुकोबा, ज्ञानोबा सगळे थंय भेटले. बापाशीक वाचून दाखवलंय, तो आयकता आयकता झोपलो. पण सकाळी पुढचा वाच म्हणालो.

आगाशी

सगळे हरित वसईबद्दल अभिमानानं लिहितायत, म्हणून मी आमची बाजू लिहितो. १९८० च्या दशकाच्या शेवटी वसईच्या विहिरींवर मोटारी बसवून टँकर भरायला लागले. नव्या इमारतींना पाणी हवं होतं. समुद्र इतका जवळ, की गोडं पाणी उपसलं की खारं आत सरकतं, हे इथल्या कुठल्याही बागायतदाराला शिकवावं लागत नाही. केळीची पानं कडेनं करपायला लागली की कळतं. पानवेल तर त्याहून नाजूक. हरित वसई संरक्षण समिती झाली, तेव्हा माझे वडील फादरांच्या मागे मोर्च्यात होते. चपला तुटल्या म्हणून अनवाणी परत आले होते, ही आमच्या घरातली दंतकथा.

आणि १५ वर्षांनी त्याच वडिलांनी वाडी विकली. तीन भावांत वाटणी, रोज मजूर मिळत नाही, मुलांना वाडीत राबायचं नाही. त्या मुलांत मीही आलो. आज मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, खाली आमचं बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, होतं. बुजवलेलं. फादरांचं नाव निघालं की वडील उठून आत जायचे. त्यांच्यावर राग नव्हता, एवढं मला माहीत आहे.

रत्नागिरी

मी संमेलनाध्यक्षपदाला विरोध करणाऱ्यांत होतो, हे आधीच सांगतो. धर्मगुरूनं साहित्याच्या पीठावर बसू नये असं माझं मत आहे, तो कुठल्याही धर्माचा असो. आजही आहे. त्यांची काही राजकीय मतं मला एकांगी वाटली. पण त्यांना धमक्यांचे फोन गेले तेव्हा लाज वाटली, कारण विरोध माझाही होता आणि मला कुणी त्या फोनवाल्यांहून वेगळं मोजत नव्हतं. गेल्यावर गोड लिहायचं म्हणून लिहिणार नाही. गद्य मात्र स्वच्छ होतं, ते मान्य.

चिपळूण

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला मी होतो. गोरोबाकाकांच्या जिल्ह्यातलं संमेलन आणि अध्यक्ष वसईचे धर्मगुरू. पाठीच्या दुखण्यानं बेजार होते, ते लांबूनही दिसत होतं. माझ्या शेजारी लाल काठाचं नऊवारी नेसलेल्या एक आजी होत्या, कुठल्याशा खेड्यातून आलेल्या. भाषण चालू असताना त्यांनी मला कोपरानं ढोसलं, 'हे पाद्रीबाबा ना? मग आपलं कसं बोलतात?' मी म्हटलं, आजी, ते आपलेच आहेत. त्या म्हणाल्या, 'तसं नाही रे, आमचा मुलगा पुण्याला गेल्यापासून असं बोलत नाही.' भाषणातले मुद्दे नंतर वर्तमानपत्रात वाचले. त्या दिवसाचं म्हणून आठवतात त्या आजीच.

नंदाखाल

फादर गेले त्याच संध्याकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, झाला आणि इथेच दफन. जुलैचा पाऊस. चर्चच्या आवारात छत्र्यांना छत्र्या लागलेल्या, पुढचं दिसेना. मूठमाती द्यायला रांग होती. माती कोरडी कुठली, चिखलच. माझ्या मुलीनं, वय सात, मूठ उघडली तर माती हाताला चिकटून राहिली, पडेचना. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मागच्या एका म्हाताऱ्यानं, लांबून आलेला असावा, गळ्यात तुळशीची माळ होती, पुढे होऊन तिचा हात आपल्या धोतराला पुसला आणि स्वतःची मूठ तिच्या हातात रिकामी केली. मग पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

धागाकर्ती

आगाशीकर, तुमचा मजकूर तिनदा वाचला. वडील असतील तर त्यांना दाखवू नका, किंवा दाखवा, तुमचं तुम्हाला ठाऊक. ट्रंकेतले अंक कुणाला हवे असतील तर आधी सांगा, १९९० नंतरचे बरेच वाळवीनं खाल्लेत.