अनुभव धागा: तेनारला तिचे नाव परत मिळते तेव्हा

उर्सुला ले ग्विन यांच्या ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’ (१९७१) या कादंबरीची नायिका तेनार हिचा जन्म आधीची मुख्य पुजारीण वारली त्याच रात्री झालेला असतो. तेवढ्या कारणावरून तिला पाच वर्षांची असताना आईवडिलांपासून तोडून आणले जाते, तिचे नाव काढून घेतले जाते आणि ‘अर्हा’, म्हणजे ‘गिळली गेलेली’, एवढीच तिची ओळख उरते. पुढे तिच्या भुयारात अडकलेला गेड नावाचा जादूगार तिला तिचे खरे नाव सांगतो. पण बाहेर पडायचे की नाही, हे तिलाच ठरवावे लागते. मला सर्वांत खरे वाटले ते त्यानंतरचे. सुटका झाल्यावर तेनार रडते, आणि एका क्षणी तर ज्याच्यासोबत ती बाहेर पडली त्याच्यावरच सुरी उगारण्यापर्यंत तिची मजल जाते. मी स्वतः धाकाच्या घरातून तिसाव्या वर्षी बाहेर पडले, तेव्हा कित्येक महिने मला मोकळे वाटण्याऐवजी भीतीच वाटत होती आणि त्या भीतीची लाजही वाटत होती. हे पुस्तक वाचल्यावर ती लाज गेली. आपल्यालाही या कथेत स्वतःचे काही सापडले असेल, तर कृपया सविस्तर लिहावे.

साताऱ्याहून

माझे लग्न १९७८ साली झाले. ताटात तांदूळ पसरून त्यांत अंगठीने माझे नवे नाव लिहिले गेले, पेढे वाटले गेले, आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटले नाही, मलाही नाही. सासर चांगले होते हे मुद्दाम सांगते, कारण छळ झाला तरच बाईचे काही हिरावले जाते असा समज आहे. आई गेली त्या दिवशी मात्र मला उमगले की जुन्या नावाने हाक मारणारे आता कोणीच उरले नाही. नातीने मला तेनारची गोष्ट मराठीत सांगत सांगत वाचून दाखवली. गेड तिला नावाने हाक मारतो तिथे मी नातीला थांबवले आणि माझे माहेरचे नाव सांगितले, जे तिला ठाऊकच नव्हते. आता दर रविवारी फोनवर ती त्याच नावापुढे ‘आजी’ जोडून मला हाक मारते.

पुण्याहून

अर्हा असताना तेनार तीन कैद्यांना अंधारात अन्नपाण्यावाचून मरू देते आणि पुढे ती माणसे तिच्या स्वप्नांत येत राहतात. या भागाबद्दल फारसे कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो. वसतिगृहात पहिल्या वर्षी मोठ्या मुलांनी मला रात्रभर गच्चीवर उभे केले होते. तिसऱ्या वर्षी मी तेच एका लहान मुलाला करायला लावले. माझ्यावर काय झाले हे मी पुष्कळांना सांगितले होते, मी काय केले हे कोणालाच नाही. गेल्या वर्षी त्याचा शोध घेऊन माफी मागितली. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. माफ केले, असे तो म्हणाला नाही, आणि तसे म्हणवून घेण्याचा मला अधिकारही नव्हता.

गडहिंग्लजहून

मी देवीला सोडलेल्या स्त्रियांमध्ये काम केले आहे. मुंबई प्रांतात या प्रथेविरुद्ध १९३४ सालीच कायदा झाला होता, तरी लहानपणी गळ्यात मणी बांधले गेलेल्या स्त्रिया मला त्यानंतर कित्येक दशकांनी भेटल्या. त्यामुळे तेनारची कथा मला निव्वळ कल्पित वाटली नाही. एका मावशींनी ते मणी स्वतःच्या हाताने उतरवून ठेवले. पण त्यानंतरही बोलता बोलता त्यांचा हात रिकाम्या गळ्याकडे जात असे.

ठाण्याहून

याच मालिकेतील ‘तेहानू’ (१९९०) या पुस्तकात प्रौढ झालेली तेनार थेरू नावाच्या मुलीला सांभाळते. थेरूला तिच्याच माणसांनी आगीत टाकलेले असते; अर्धा चेहरा जळालेला, एक डोळा गेलेला, एक हात आखडलेला. मी चार वर्षांची असताना स्टोव्हच्या भडक्यात भाजले आणि पुढे तीन वेळा त्वचारोपण झाले. वाचताना मला सारखी धास्ती होती की शेवटी जादूने थेरूचा चेहरा बरा होईल, आणि तसे झाले असते तर मी ते पुस्तक पुन्हा उघडले नसते. तसे होत नाही. ती तोच चेहरा घेऊन कड्यावर जाते, ड्रॅगनला हाक मारते, आणि ड्रॅगन येतो. मी नववीपर्यंत वर्गात उजवा हात वर केला नव्हता. आता शाळेत शिकवते आणि फळ्यावर त्याच हाताने लिहिते. जूनमध्ये नव्या वर्गातली मुले पहिल्या दिवशी टक लावून बघतात, तेव्हा मी बाही खाली न ओढता त्यांना नीट बघू देते आणि मग हजेरी घेते.