शेततळ्यात पोहल्यापासून लॅब्राडोर सतत डोकं झटकतोय. कानात पाणी राहिलं असेल का?

शेरूची ताई, इंदिरानगर

आमचा शेरू काळा लॅब्राडोर आहे, साडेतीन वर्षांचा. रविवारी मोहाडीला मामांच्या मळ्यात गेलो होतो. द्राक्षबागेच्या कडेला शेततळं आहे, त्यात तो तासभर डुंबला. आज बुधवार, तरी डोकं झटकणं थांबत नाही. कान फटफट वाजतात, रात्री दोनला त्या आवाजाने जाग येते. उजवा कान मागच्या पायाने खाजवतो आणि खाजवताना कण्हतो. पाळी उलटून बघितली तर आत लाल झालंय, आणि वास आंबूस येतोय, शिळ्या पावासारखा.

सासूबाई म्हणतात कोमट खोबरेल सोड दोन थेंब, पोरांना आम्ही हेच करायचो. गेल्या वर्षी डॉक्टरांनी दिलेल्या कानाच्या थेंबांची अर्धी बाटलीही घरात आहे. ती वापरू का? की पाणी आपोआप निघून जाईल? त्याचं कण्हणं ऐकवत नाही हो.

बंटीचे बाबा, मखमलाबाद

ताई, तेल नको आणि जुने थेंबही नको. उद्या सकाळी डॉक्टरांकडे न्या. हे आधी सांगतो, कारण मी नेमकं उलटं केलं होतं.

आमचा बंटी कॉकर स्पॅनियल, लांब कानांचा. पावसाळ्यात सोमेश्वरच्या बाजूला नदीकाठी भिजून आला आणि असंच डोकं झटकायला लागला. मी खोबरेल घातलं, वर इअरबडने कान कोरले. बडला तपकिरी मळ लागायचा, मला वाटायचं साफ होतंय. प्रत्यक्षात बराचसा मळ मी आत ढकलत होतो. आठव्या दिवशी सकाळी बघतो तर कानाची पाळी टम्म फुगलेली, हाताला गरम. झटकून झटकून पाळीतली रक्तवाहिनी फुटली होती आणि आत रक्त साठलं होतं. ऑपरेशन झालं, पाळीला टाके पडले. तो कान पुढे आयुष्यभर चुरगळलेलाच राहिला. बंटी गेला त्याला दोन वर्षं झाली, पण त्या कानावरून हात फिरवताना दरवेळी मला ते आठ दिवस आठवायचे.

डॉक्टरांनी तेव्हा कागदावर काढून दाखवलं होतं. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत पडद्याकडे वळते. पाणी त्या वळणावर अडकतं. वरून लॅबची पाळी झाकणासारखी पडलेली, वारा लागत नाही. उबदार, ओलं, अंधारं. कानात मुळातच थोडी असलेली बुरशी तिथे झपाट्याने वाढते. तुम्ही म्हणता तो आंबूस वास बहुतेक तिचाच. त्यात तेल घातलं की ओल आणि मळ दोन्ही आत धरून ठेवल्यासारखं होतं.

पोहून आल्यावर थोडा वेळ डोकं झटकणं साहजिक आहे, कुत्रा त्यानेच पाणी काढतो. पण तीन दिवस झाले, लाली आहे, दुखतंय, म्हणजे प्रश्न आता नुसत्या पाण्याचा उरलेला नाही. आणि थेंब घालण्याआधी डॉक्टरांनी आत बघून पडदा शाबूत असल्याची खात्री करायलाच हवी. पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. मान एका बाजूला कलती धरत असेल किंवा चालताना तोल जात असेल तर उद्याची वाट बघू नका, आजच न्या.

पंचवटीकर

आम्ही दर आंघोळीनंतर अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी घालतो. आमच्या कुत्र्याला कधी काही झालं नाही.

बंटीचे बाबा, मखमलाबाद

दादा, तुमच्या कुत्र्याचा कान निरोगी असेल म्हणून सोसलं. शेरूचा कान आत लाल आहे, त्यावर व्हिनेगर पडलं तर जखमेवर लिंबू पिळल्यासारखी आग होईल. मग तो पुन्हा कुणाला कानाला हात लावू देणार नाही, आणि पुढचे उपचार अवघड होतील. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही नकोच.

ताई, कान बरा झाल्यावर डॉक्टरांकडून कुत्र्यांसाठीचं, कान कोरडा करणारं क्लीनर घ्या. पाळी वर धरून नळी भरेल इतकं ओतायचं, कानाच्या बुडाशी अर्धा मिनिट चोळायचं, आत पचपच आवाज येतो. मग त्याला झटकू द्यायचं आणि वर आलेलं कापसाने टिपायचं. बोट जाईल तिथपर्यंतच. हे पोहल्यावर आणि आंघोळीनंतर करा, रोज उठून नको. फार धुतलं तरी कानाची कातडी नाजूक होते.

दिंडोरीचा बागाईतदार

कानाचं मला कळत नाही, पण शेततळं वाचून राहवलं नाही. तळ्याला प्लॅस्टिकचा कागद असेल तर काठ शेवाळाने निसरडा असतो. कुत्रा उडी मारतो, पण पाय रुतत नाहीत म्हणून वर येता येत नाही आणि दमून बुडतो. आमच्या शिवारात असं झालंय. मामांना सांगा, काठाला खुंटा ठोकून गाठी मारलेला जाड दोर आणि दोराला जुने टायर बांधून आत सोडा. माणसालाही तेच उपयोगी पडतं.

शेरूची ताई, इंदिरानगर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल नेलं. डॉक्टरांनी बॅटरीच्या यंत्राने आत बघितलं, पडदा शाबूत आहे. काडीवर मळ घेऊन काचेवर लावला, सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. बुरशीच निघाली. क्लीनर आणि थेंब मिळून 14 दिवसांचं औषध आहे, नंतर पुन्हा दाखवायचंय. खाजवणं थांबलं तरी मध्येच बंद करायचं नाही, असं बजावलंय. डाव्या कानातही सुरुवात झालीय म्हणे, मला कळलंच नव्हतं. हा त्रास पाण्यात न जाता पुन्हा झाला तर अ‍ॅलर्जी शोधावी लागेल, असंही म्हणाले. जुनी बाटली फेकून दिली.

मामांना दोराचं फोनवर सांगितलं, कागदाचंच तळं आहे. ते आजच टायर बघायला गेलेत.

औषध घालताना सासूबाई शेरूचं डोकं मांडीवर घेऊन बसतात, मी थेंब सोडते. काल रात्री कान चारच वेळा वाजले. मी जागून मोजले.