चीनशी व्यापार चालू ठेवून सुरक्षा कशी सांभाळावी?

प्रश्न (रबाळे):
टीटीसी औद्योगिक पट्ट्यातील एका औषध कारखान्यात मी खरेदी विभाग सांभाळतो. प्रतिजैविकांच्या कच्च्या मालासाठी दर मागवले की बहुतेक वेळा चीनचाच दर सर्वांत कमी निघतो. गलवाननंतर मात्र त्या देशावर विसंबून राहणे धोक्याचे वाटते. मध्यम ताकदीच्या देशाने हा तिढा कसा सोडवावा?

उत्तर (नौपाडा):
ऑस्ट्रेलियाचा अनुभव पाहावा. २०१८ मध्ये त्यांनी ५जी जाळ्यातून ह्वावे या चिनी दूरसंचार कंपनीला वगळले आणि २०२० मध्ये कोविडच्या उगमाची स्वतंत्र चौकशी मागितली. त्यानंतर चीनने बार्लीवर ८० टक्क्यांहून अधिक शुल्क लावले. वाईन, कोळसा आणि शेवंडही अडवली. लोहखनिजाला मात्र हात लावला नाही, कारण चिनी पोलाद कारखान्यांना तेवढा माल दुसरीकडे मिळण्यासारखा नव्हता. बार्लीला सौदी अरेबियासारखे गिऱ्हाईक मिळाले. वाईनवाल्यांना मार्च २०२४ मध्ये शुल्क उठेपर्यंत कळ सोसावी लागली. म्हणून व्यापार किती कोटींचा आहे यापेक्षा कोणाचे कोणावाचून अडते, हे आधी तपासावे.

उत्तर (कळवा):
ऑस्ट्रेलिया विकणारा होता, आपण प्रामुख्याने घेणारे आहोत. सरसकट बहिष्कार आपल्याला परवडणार नाही. धोक्याच्या जागा निवडून तेथेच कडक राहावे. जून २०२१ पासून दूरसंचार कंपन्यांना नवी उपकरणे सरकारने विश्वासार्ह ठरवलेल्या स्रोतांकडूनच घ्यावी लागतात, हे मला योग्य वाटते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वीजवाहिन्या बंद पडून मुंबई-ठाणे अंधारात गेले आणि लोकल जागीच थांबल्या. त्यामागे सायबर घातपात असल्याचा संशय राज्याच्या गृहमंत्र्यांनी व्यक्त केला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक सांगितली. कारण कोणतेही असो, वीजजाळ्यातील उपकरणे कोणाची आहेत आणि त्यांची दुरुस्ती दुरून कोण करू शकतो, याची नोंद असलीच पाहिजे.

उत्तर (वाशी):
पेनिसिलिन-जी, म्हणजे अनेक प्रतिजैविकांचा मूळ कच्चा माल, आपल्याकडे पूर्वी बनत असे. चिनी दरापुढे ते कारखाने टिकले नाहीत. केंद्राच्या २०२० च्या प्रोत्साहन योजनेतून आंध्र प्रदेशातील काकीनाड्यात २०२४ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झाले. २०१० मध्ये चीनकडून येणारी दुर्मिळ मृदा खनिजे (चुंबक आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी लागणारी) अडल्यावर जपानने ऑस्ट्रेलियातील लायनस कंपनीत पैसा घातला आणि पुढे भाव कोसळले तरी तिची साथ सोडली नाही. आपल्याकडेही खरेदीदारांनी हेच करायला हवे. तुमच्या वार्षिक करारात काही हिस्सा देशी उत्पादकासाठी राखून ठेवावा, त्याचा थोडा चढा दर व्यवस्थापनाकडून आधीच मंजूर करून घ्यावा आणि त्याच्या मालाची गुणवत्ता चाचणी आताच उरकावी. पुरवठा तुटल्यावर नवा पुरवठादार मंजूर करण्यात महिने जातात.