गिटारचा पिकअप (तारांचे कंपन टिपणारा चुंबकीय भाग) बदलताना तारांमधले अंतर कसे जुळवावे?

प्रश्न (मालवण):
खाऱ्या हवेने माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजकडील (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथल्या) हंबकरचे, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपचे, स्क्रू गंजले असून आवाजही मधूनमधून जातो, म्हणून नवा पिकअप घ्यायचा आहे. गिटारला ट्रेमोलो ब्रिज (दांडीने हलवून सूर खालीवर करता येणारा) आहे. दुकानदार पिकअपच्या पहिल्या आणि शेवटच्या पोलमधील (पोल म्हणजे प्रत्येक तारेखालचे धातूचे टोक) अंतराची सुमारे 49 आणि 53 मिलिमीटर अशी दोन मापे सांगतात. कोणते घ्यावे?

उत्तर (रत्नागिरी):
आधी स्वतः मोजावे. माप सॅडलवर (ब्रिजवरच्या तारेच्या टेकूवर) घेऊ नये, कारण तारा नटकडे (दुसऱ्या टोकाच्या खाचांच्या पट्टीकडे) जाताना एकमेकींजवळ येत जातात. जुना पिकअप जिथे बसला आहे, नेमके त्याच्या वर जाड ई तारेच्या मध्यापासून बारीक ई तारेच्या मध्यापर्यंतचे अंतर पाहावे. पट्टी प्लॅस्टिकची घ्यावी, स्टीलची चुंबकाला चिकटते. अंतर 51 ते 53 भरले तर रुंद माप, 49 ते 50 भरले तर नेहमीचे.

उत्तर (अलिबाग):
मापाचा इतका धसका घेऊ नये, असे माझे मत आहे. चुंबकीय क्षेत्र पोलच्या आजूबाजूलाही पसरलेले असल्याने मिलिमीटरभर फरक सहसा कानाला कळत नाही, डोळ्यांना मात्र खुपतो. तेही नको असेल तर सुटे पोल नसलेला, सलग पात्याचा पिकअप घ्यावा. गिटारमध्ये पिकअप बसतो त्या खाचेची खोली मोजायला विसरू नये. माझा पिकअप तिथेच अडला होता.

प्रश्नकर्ता:
मोजले, 52 भरले. रुंद मापाचाच मागवतो. नेककडील (गिटारच्या मानेकडील) पिकअप ठीक आहे, त्याला हात लावत नाही.